घंटा वाजली होती, प्रभाकरभाऊ

प्रभाकरभाऊ,

परवा खाणीच्या फाटकासमोर तुमची शोकसभा झाली. नवे मॅनेजरसाहेब बोलले. त्यांनी तुम्हाला कधी पाहिलेलंही नाही, म्हणून कोणीतरी लिहून दिलेला कागद वाचत होते. "कैलासवासी प्रभाकर यांनी कामगारांच्या सुरक्षेसाठी आपल्या खाणीत आधुनिक स्वयंचलित यंत्रणा उभी केली. तिचा लाभ आपण आजही घेत आहोत." कैलासवासी! तुमच्या घरी बुद्धवंदना होते, एवढंही त्या कागद लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हतं. मग सगळे मान खाली घालून उभे राहिले. मीही उभी राहिले, पण डोळे काही मिटेनात. त्या यंत्राच्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला असते. आत कागदावर रेघ ओढणारी तुमची चार पेनं आहेत, त्यातलं एकच चालतं. बाकीच्या तिन्हींची शाई कधीच वाळली. लाभ घेत आहोत म्हणे.

मला रडू आलं नाही, भाऊ. संताप आला. तो अजून उतरलेला नाही, आणि खरं सांगते, त्यातला थोडा तुमच्यावरही आहे. तुमच्यापाशी मी कधी आडपडदा ठेवला नाही. आता तरी कशाला ठेवू?

आपली ओळख लॅम्परूमच्या खिडकीवर झाली. खाली उतरणाऱ्या माणसाला टोपीचा दिवा द्यायचा आणि वर आला की परत घ्यायचा, हे माझं काम. ते मला गणपतच्या जागी मिळालं होतं. गणपत माझा नवरा. जुन्या सेक्शनमध्ये, कोळसा काढून रिकाम्या झालेल्या पोकळीच्या तोंडाशी विटांची भिंत बांधायला तो आणि दोघं सोबती गेले होते. अशा पोकळीत उरलेला कोळसा आतल्या आत तापतो, धुमसतो आणि जहरी गॅस सोडतो. त्याला ना वास ना रंग. तिघांचं डोकं दुखायला लागलं असेल, म्हणून जरा टेकले असतील. पुढच्या पाळीच्या माणसांना वाटलं, झोपले आहेत.

वडशाकडच्या शेतावरून आलेली मी, मॅट्रिकपर्यंत शिकलेली, त्या खिडकीत बसून दिवे मोजायची आणि लाल मुनियांच्या पिंजऱ्यात दाणे टाकायची. तुम्ही नवीन आलात तेव्हा दिवा घेताना मला "थँक्यू" म्हणालात. रांगेतली माणसं हसली. तुम्ही कानापर्यंत लाल झालात, पण दुसऱ्या दिवशी परत म्हणालात.

एकदा पिंजऱ्याकडे पाहून तुम्ही विचारलं, "बाई, ह्या पाखराईचं काय करता?"

मी म्हटलं, "गॅसचा संशय आला का पाळीचा सरदार पिंजरा खाली नेते जी. पाखरू पडलं का माणसं पळतेत."

"संशय आला तं. अन् नाई आला तं?"

"मंग माह्यासारखी बाई लॅम्परूममध्ये येते."

तुम्ही दिवा न घेताच गेलात. मला वाटलं, उगाच बोलले, साहेब माणसाला लागलं असेल. चारेक दिवसांनी परत आलात आणि खिडकीत हात टेकून लांबलचक समजावत बसलात. एक यंत्र येणार आहे. त्याचे सेन्सर खाली बोगद्यात टांगून ठेवायचे, तिथून वरपर्यंत तार आणायची आणि वरच्या खोलीत कागदावर पेन आपोआप रेघ ओढत राहणार. गॅस वाढला की रेघ वर चढते, घंटा वाजते. "पाखरू कोणाले तरी शंका आली तवाच खाली जाते, बाई. यंत्र शंकेच्या आंधीच तिथी असते." तुम्ही मूल गावच्या राइस मिलमधल्या कामगाराचे पोरगे, नागपूरला डिप्लोमा केलेले. नागपूरची भाषा तुम्ही ऑफिसात वापरायचा आणि माझ्यापाशी घरची.

मी तुम्हाला एकच विचारलं, "हे तवा असतं तं माहा नवरा वाचला असता का?"

दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, नशिबाच्या गोष्टी आहेत, बाई. तुम्ही चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि म्हणालात, "हो. वाचला असता. कोणी यंत्राचं ऐकलं असतं तं."

गणपत गेल्यापासून माझ्याशी खरं बोलणारे तुम्ही पहिले. साहेबलोकांनी अपघात म्हटलं, नातेवाइकांनी माझा पायगुण काढला, बाकीचे नुसते गप्प राहिले. त्या एका उत्तरासाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असं आता वाटतं, पण तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही परत कानापर्यंत लाल होऊन पळाला असता.

यंत्र आलं तेव्हा त्याच्यासमोर बसायला माणूस हवा होता. तुम्ही माझं नाव सुचवलंत. बाईमाणसाला जमणार नाही म्हणून कुरकुर झाली. तुम्ही अर्ज केलात, मग त्या अर्जाची आठवण करून देणारा अर्ज केलात, आणि शेवटी कंटाळून त्यांनी हो म्हटलं. तुमची ही अर्जांची खोड मला तेव्हापासूनच पटत नव्हती.

पहिले काही महिने आपलं हसंच झालं. खाली सुरुंग उडवला की त्याच्या धुरातही तोच गॅस असतो, म्हणून प्रत्येक पाळीला घंटा वाजायची. माणसं जाता-येता खिडकीतून हात जोडायची. "काय बाई, आरती झाली का? प्रसाद द्या." खोलीचं नाव देऊळ पडलं. मॅनेजरसाहेब, म्हणजे तेव्हाचे, फोनवर ओरडायचे, "ती तुमची घंटा आवरा!" उंदरांनी तार कुरतडली, सेन्सरवर ओल धरली, तुम्ही रोज खाली उतरून ते उघडायचात, पुसायचात, परत टांगायचात. आणि मला रेघा वाचायला शिकवायचात. सुरुंगाची रेघ उडी मारते आणि थोड्या वेळात खाली येते. धुमसणाऱ्या कोळशाची रेघ उडी मारत नाही. ती सरपटते, आणि खाली येत नाही. "उडी मारणाऱ्या रेघेले भिऊ नका, बाई. सरपटणाऱ्या रेघेले भ्या."

यंत्राबरोबर एक मोठं लाकडी खोकंही आलं होतं. गॅस वाढला की त्या भागाची वीज आपोआप तोडायची आणि खाली भोंगा वाजवायचा, ही सोय त्या खोक्यात होती. म्हणजे कोणाला विचारायचं नाही, कोणाला फोन करायचा नाही. भोंगा वाजला की माणसं बाहेर. तुम्हाला त्या खोक्याचंच जास्त अप्रूप. पण मॅनेजरसाहेबांनी ते उघडू दिलं नाही. रोज वीज तुटली तर कोळसा कसा निघणार? आधी घंटा तर नीट चालू द्या, मग बघू. खोकं व्हरांड्यात पडून राहिलं. चौकीदार त्याच्यावर बसून डबा खायचा. मी म्हणायची, भाऊ, कामगारांना सांगा की तुमचा जीव ह्या खोक्यात बंद आहे. तुम्ही म्हणायचात, "दम धरा बाई, मी परत लिहून देतो." आणि लिहून द्यायचात. नम्र, सुवाच्य अक्षरात.

मग तो मार्च अखेरचा दिवस आला. वर्षाचं टार्गेट पूर्ण व्हायचं होतं, सगळ्यांच्या तोंडी तेवढंच. पहिली पाळी खाली गेली. दक्षिणेकडच्या सेक्शनमध्ये जुन्या पोकळीच्या बाजूला टांगलेला जो सेन्सर, त्याची रेघ हलायला लागली. सुरुंग अजून उडवलेला नव्हता. मी कागदाकडे टक लावून बसले. रेघ सरपटत होती.

तुम्हाला बोलावलं. तुम्ही आलात, पाहिलंत, चष्मा पुसून परत पाहिलंत आणि मॅनेजरसाहेबांना फोन लावलात. मला तुमचंच बोलणं ऐकू येत होतं. "नाही सर, ब्लास्टिंग झालेलं नाही... सेन्सर मी स्वतः तपासलेला आहे, सर... सर, माणसं आहेत तिथे... हो सर. हो सर."

"काय म्हणाले?"

"सेन्सर परत तपासा म्हणाले. माणसं काढाची गरज नाई."

तेवढ्यात घंटा वाजायला लागली. मला वाटलं, आता हा माणूस खुर्ची ओढून अर्ज लिहायला बसेल. खरंच वाटलं, भाऊ. पण तुम्ही उठलात, आवार ओलांडून वीजघरात गेलात आणि परत येऊन म्हणालात, "दक्षिण सेक्शनची वीज पाडली म्या. हवेचा पंखा चालू हाये. कोळशाचे डबे थांबले का माणसं आपोआप वर येतेत."

खोक्यातल्या यंत्रानं जे करायचं, ते तुम्ही हातानं केलं. पण यंत्रात भोंगाही होता. तो तुमच्याकडे नव्हता.

आपण दोघं खिडकीतून बोगद्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो. कोणी येईना. मग खालून फोन आला. त्या सेक्शनचे ओव्हरमन भाऊराव. पाळीतली सगळी माणसं त्यांच्या हुकमात.

"बाई, लाइन कवा येते?"

"माणसं कुठी हायेत जी?"

"फेसवरच, कोळशापाशी बसले हायेत. लाइन नाई तं काय करतीन? दोघं तं झोपले बी."

दोघं तर झोपले. मी फोनमध्ये ओरडले.

"भाऊराव, उठवा त्याईले. सारे वर आणा. गॅस चढून राह्यला."

"कोण म्हणते?"

"यंत्र म्हणते."

"साहेबाचा हुकूम हाये का?"

"नाई."

"मंग हुकमाबिगर मी पाळी कशी सोडू, बाई? मार्च हाये. उद्या माह्याच नावानं चार्जशीट. अन् तुमची घंटा तं रोजच वाजते."

मी रिसीव्हर ठेवला आणि तुम्हाला सांगितलं, ते येत नाहीत. तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलंत आणि दिवा उचललात.

"माणसं काढाचा अधिकार तुमाले नाई, भाऊ," मी म्हटलं. अजून मला स्वतःचा राग येत नाही त्या बोलण्याबद्दल. मला वाटलं होतं, गणपतसारखेच तुम्हीही बसाल तिथे.

"माहीत हाये," म्हणालात, आणि गेलात.

मी, ती घंटा आणि ती रेघ. मॅनेजरसाहेबांचा फोन आला, वीज कोणी पाडली म्हणून. मी म्हटलं, प्रभाकरभाऊ खाली गेलेत, आले की सांगतील. त्यांनी शिवी दिली. मी रिसीव्हर ठेवला आणि परत कागदाकडे पाहत बसले. तेवढा वेळ कसा गेला ते मला लिहिता येणार नाही.

मग माणसं दिसली. एकेक, कुरकुरत, अंगाला आळोखेपिळोखे देत. एकजण रुळाशेजारी बसून ओकला आणि दुसरा त्याला हसला, रात्रीची उतरली नाही म्हणून. डबे भरणाऱ्या एका तरण्या लोडरला भाऊरावांनी बगलेत धरून आणलं होतं. त्याची मान लुळी पडत होती. सगळ्यांच्या मागून तुम्ही. चेहरा राखेसारखा. डब्यांच्या फलाटावर बसलात आणि तुम्हीही ओकलात.

मी पाणी दिलं. विचारलं, भाऊराव कसे तयार झाले?

"म्या काई नाई सांगतलं," तुम्ही म्हणालात. "जो झोपला होता त्याले उठवाले लागलो. तो उठता उठेना. भाऊरावनं पाह्यलं. मंग तेच वरडले, चला म्हून."

कोणी मेलं नाही. आणि भाऊ, तिथंच आपलं सगळं बिनसलं.

संध्याकाळी तपासणीला साहेबलोक उतरले, तोवर हवेचा रस्ता बदलून त्या भागात जास्तीची हवा सोडलेली होती. हातातल्या यंत्रात गॅस नगण्य आला. निष्कर्ष निघाला, सेन्सरमध्ये बिघाड. ओकणाऱ्यांना उन्हाचा त्रास. वीज विनापरवानगी बंद करून उत्पादनाचं नुकसान केल्याबद्दल तुम्हाला चार्जशीट. घंटेमुळे कामगारांत भीती पसरते म्हणून घंटेची तारच काढून टाकली. आणि काही दिवसांनी, कोणताही गाजावाजा न करता, त्या पोकळीचं तोंड विटांनी बंद केलं. ज्यांनी ते काम केलं त्यांच्या पाठीवर प्राणवायूच्या नळकांड्या होत्या. दिवे मीच दिले होते ना त्यांना! त्या दिवशी लॅम्परूमला माणूस कमी होता. सेन्सर बिघडला होता तर नळकांड्या कशाला? हा प्रश्न मी ज्याला ज्याला विचारला, त्यानं त्यानं इकडे तिकडे पाहिलं.

युनियनच्या पुढाऱ्याकडे मी तुम्हाला न विचारता गेले. भला माणूस, खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाला, "बाई, एखादा गेला असता तं म्या गेट बंद केलं असतं. कोणी गेलंच नाई. आता कशावर बोलू?" तो चहा मी तसाच ठेवून उठले. एखादा जायला हवा होता! माणूस मेला तर सगळ्यांना तोंड फुटतं. तो मेला नाही, तर काही झालंच नाही. गणपत मेला म्हणून मला नोकरी मिळाली, आणि ती माणसं जगली म्हणून तुम्हाला चार्जशीट.

तुम्हाला म्हटलं, पाळी सुरू व्हायच्या वेळी फलाटावर उभे राहा आणि सगळ्यांना सांगा काय झालं ते. भाऊरावांना पुढे घ्या. त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही म्हणालात, भाऊरावची पोरं लहान आहेत, त्याला कशाला गोवायचं. मी साहेबांना समजावतो. आता नाही तर पुढचे साहेब समजतील. यंत्र खरं आहे, ते आज ना उद्या पटेलच. तुमच्या ह्या सोशिकपणाचा मला इतका राग यायचा! ज्या माणसानं न विचारता वीज पाडली, तोच माणूस दुसऱ्या दिवशी परत "हो सर" म्हणायला लागला. तो एक दिवस तुम्ही कुठून आणला होता, आणि आणला होता तर दुसरा का नाही आणलात?

बदली झाली. गडचिरोलीच्या जंगलात जमिनीखाली काय आहे ते शोधायला भोकं पाडणारा एक कॅम्प होता. तिथला जनरेटर आणि पंप सांभाळायला डिप्लोमावाला माणूस पाठवला. बसस्टँडवर मी आले होते सोडायला. विमलवहिनी तुमच्या लेकरांना घेऊन आधीच मूलला गेली होती. तिथेही आपण भांडलोच.

तुम्ही म्हणालात, "माणसाले हिंमत कराची पाळीच येऊ नोये, म्हून यंत्र असते, बाई. माही लढाई तेवढ्यासाठीच होती."

मी म्हटलं, "अन् यंत्राचं आयकाची हिंमत कोण करन?"

तुम्ही काही तरी बोलायला तोंड उघडलंत. बस आली. गर्दी दारावर तुटून पडली, तुमची वळकटी खिडकीतून कोणीतरी आत घेतली, तुम्ही चढलात. काय म्हणणार होता, ते मला अजून माहीत नाही. पुढे दोनदा भेटलात, सणासुदीला, पण दोन्ही वेळा आणखी कोणी ना कोणी होतं आणि तुम्ही कॅम्पवरच्या मोहाच्या झाडांच्या, साप निघाल्याच्या गोष्टी सांगितल्या. मी यंत्राचं विचारलं नाही, तुम्हीही विचारलं नाही. आपण दोघंही पाहुण्यांसारखं बोललो.

तुमच्या जाण्याची हकीकत मला वहिनीकडून कळली. तुम्हाला थंडी वाजून ताप आला. कॅम्पची जीप साहेब घेऊन नागपूरला गेले होते. वायरलेस होता, पण त्याची बॅटरी चार्ज करायचं काम तुमचं, आणि तुम्ही तर तापात बरळत होता. कोणाला ते जमेना, कोणी पुढं होऊन ठरवेना. साहेब आज येतील, उद्या येतील. शेवटी शेजारच्या पाड्यावरच्या माडिया माणसांनी तुम्हाला खाटेवर घालून सडकेपर्यंत आणलं आणि बांबूचा ट्रक थांबवला. गडचिरोलीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आदल्या दिवशी आणायला पाहिजे होतं.

आदल्या दिवशी! भाऊ, हे दोन शब्द ऐकून मी इतकी चिडले की वहिनीसमोर माझा हात भिंतीवर आपटला. एवढ्या माणसांत एकालाही वाटलं नाही की साहेबाची वाट न पाहता ह्याला उचलावं. जे तुमचे कोणी नव्हते तेच शेवटी उचलायला आले.

तुमच्या मागे केलेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी मूलला गेले होते, तेव्हाची ही गोष्ट. मंडळी जेवून गेली. वहिनी भांडी सावरत होती. एकदम थांबून म्हणाली, "सुमनबाई, खरं सांगान? हे खाणीत नेमकं करत काय होते? मी विचारलं का म्हणत, तारा जोडतो. चार्जशीट काऊन झालं विचारलं, तं म्हणत, चूक झाली थोडी."

चूक झाली थोडी. तुम्ही बायकोला हे सांगितलंत!

मी खाली बसले आणि तिला सगळं सांगितलं. रेघ, फोन, वीजघर, झोपलेली दोघं, तो लुळ्या मानेचा लोडर. ती हातातलं पातेलं तसंच धरून ऐकत होती. मला वाटलं, ती रडेल, तिला बरं वाटेल. ती चिडली. आधी तुमच्यावर, "मले काऊन नाई सांगतलं? मी त्याईले बोल लावत राह्यली, का साहेबाशी नीट वागत नाई म्हून बदली झाली!" आणि मग माझ्यावर, "ते सारे जिवंत हायेत ना? मंग आज इथी त्यातला एक तरी आला का?"

आला नव्हता. कोणीच आलं नव्हतं.

म्हणून परवाच्या शोकसभेत मॅनेजरसाहेबांनी कागद घडी करून खिशात घातला, माणसं पांगायला लागली, तेव्हा मी भाऊरावांना सगळ्यांसमोर थांबवलं. म्हटलं, प्रभाकरभाऊंच्या घरी चला. त्यांच्या बायकोनं असं असं विचारलंय. भाऊरावांनी टोपी काढली, परत घातली. म्हणाले, "उद्या रविवार हाये, येतो. साऱ्याईले आणतो." मग मी मॅनेजरसाहेबांना घंटेचं विचारलं, खोक्याचं विचारलं. ते म्हणाले, "बाई, सगळी यंत्रणाच नवीन घ्यायचा प्रस्ताव पाठवला आहे. जुन्याला हात कशाला लावायचा?" म्हणजे नवी येईपर्यंत जुनी मेलेली, आणि नवी कधी येईल ते त्यांनाही माहीत नाही. आज सकाळी मी बंद पेनांत स्वतःच शाई भरून पाहिली. दोन थोडी हलली. खालचे सेन्सर कोणीतरी उघडून पुसल्याशिवाय काही खरं नाही, आणि तो कोणीतरी नेमायला साहेबाची सही लागते.

काल रविवारी ते आले. पहिल्या बसनं, धुतलेले कपडे घालून, त्या दिवशीच्या पाळीतले जे जे अजून ह्या खाणीत आहेत ते सगळे. अंगणात घोंगडीवर दाटीवाटीनं बसले. तुमच्या फोटोला हार घातला आणि मग इकडचं तिकडचं बोलत राहिले. बस कशी भरली होती. मूलकडे यंदा धान कसं झालं. उन्हाळा लवकर सुरू झाला. वहिनीनं चहा दिला, तो सगळ्यांनी फुंकून फुंकून प्यायला. मी एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते, आता हा बोलेल, आता तो बोलेल. त्या दिवसाचा एक शब्द निघाला नाही. भाऊराव जमिनीवर काडीनं रेघा ओढत बसले होते. माझं डोकं इतकं तापलं की आता मीच उठून सुनावते असं झालं. तेवढ्यात त्यांची परतीच्या बसची वेळ झाली आणि सगळे उठले.

वहिनी आधीच जाऊन फाटकात उभी राहिली. वाट अडवून.

पहिल्याला म्हणाली, "दादा, तुमच्या घरी कोण कोण हाये?"

तो गोंधळला. "बायको. दोन पोरी. अन् म्हातारी माय."

"बरं. या."

दुसरा आला. "तुमच्या घरी?"

"बाप हाये, लकवा मारलेला. बायको, पोरगं. बहीण हाये, यंदा लगन कराचं हाये तिचं."

"बरं. या."

अशी ती प्रत्येकाला विचारत गेली. कोणी घाईघाईनं सांगितलं, कोणी नावं घेऊन. तो लुळ्या मानेचा लोडर आला, आता चांगला भरला आहे अंगानं. म्हणाला, "तवा तं एकटाच होतो, वहिनी. मंग लगन झालं. मागच्या म्हैन्यात पोरगी झाली."

"नाव काय ठेवलं?"

"ठेवाचं हाये अजून."

"ठेवा. चांगलं ठेवा."

भाऊराव सगळ्यात शेवटी. त्यांना तिनं विचारलंच नाही, नुसती पाहत उभी राहिली. ते टोपी हातात घेऊन म्हणाले, "माह्या घरी नऊ माणसं जेवतेत, पोरी." आणि तिथंच, रस्त्यातल्या लोकांसमोर, एवढा मोठा माणूस हुंदके देऊन रडला. म्हणाला, "मी हुकूम मांगत होतो. बाई फोनवर वरडत होत्या, अन् मी हुकूम मांगत होतो."

वहिनीनं त्यांना पाणी आणून दिलं. ते प्यायले, डोळे पुसले आणि बाकीच्यांच्या मागे बसकडे गेले.

ती फाटक लावून आत आली. कपबशा गोळा केल्या, घोंगडी झटकून घडी केली. मग माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आता समजलं मले, ते तिथी काय करत होते."